वैतागून सही करू नका

ताई,
आमची चाळ गिरगावात, तीन मजली, १९४० च्या आधीची. खोली सासऱ्यांनी पागडीवर घेतलेली, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने. गेली बारा-तेरा वर्षं पुनर्विकासाच्या मीटिंगा चालल्या आहेत. आधी एकट्या चाळीचा प्रस्ताव होता, मग शेजारच्या चाळी धरून समूह पुनर्विकास करायचं ठरलं. दोन बिल्डर आले आणि गेले. एका गणपतीत मंडपाशेजारी टॉवरचं मॉडेल मांडलं होतं, कोणाचं घर कितव्या मजल्यावर ते लोक एकमेकांना बोटाने दाखवत होते. नंतर दारावर नोटीस लागली, मग कोर्टाची बातमी आली, आणि सगळं पुन्हा थंड. ऑफिसात गेलं की 'फाइल वर आहे' एवढंच ऐकायला मिळतं. गॅलरीला टेकू लावलेत, तेही आता जुने झाले. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेले, संडास मजल्याच्या टोकाला. मुलाचं लग्न जमत नाही, घर बघून मुलीकडचे पुढे बोलत नाहीत. मी समितीची सचिव, त्यामुळे सगळ्यांचा राग माझ्यावर. आता तिसरा बिल्डर आलाय. म्हणतो, पंधरा दिवसांत संमतिपत्रं द्या, नाहीतर मी दुसरीकडे जातो. अर्धी चाळ म्हणते, करून टाका सही, काहीतरी होऊ दे. मी काय करू? सही करू, समिती सोडू, की सगळं सोडून डोंबिवलीला जाऊ?
– एक सचिव, गिरगाव

सचिवबाई,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी सहीचं आधी बोलते, कारण त्यालाच तारीख लागलेली आहे. पंधरा दिवसांत सही देऊ नका. बिल्डर खोटा आहे असं मी म्हणत नाही, मला तो माहीतही नाही. पण बारा वर्षं रखडलेल्या लोकांपुढे पंधरा दिवसांची मुदत ठेवली की लोक कागद वाचायचं सोडतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. उशीर त्रास देतोच. पण उशिराला कंटाळून घाईने केलेली सही जे नुकसान करते ते पुढे कोर्टात जाऊनही भरून निघत नाही.

हा प्रश्न तुमच्या समितीने तयार केलेला नाही, हे चाळीत एकदा सगळ्यांसमोर सांगा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्या भाड्यात मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, इमारती पडू लागल्या, म्हणून १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ आणलं. इमारतींवर उपकर बसवला आणि त्यातून मंडळाने त्यांची डागडुजी करायची असं ठरलं. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. त्यातल्या सर्वाधिक तुमच्यासारख्या, १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. पन्नासहून जास्त वर्षं उलटली तरी तेरा हजारांच्या वर इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांत माणसं राहताहेत. एवढ्या मोठ्या रखडपट्टीचा राग जिन्यात भेटणाऱ्या एका सचिवावर निघतो, कारण मंत्रालयातलं कोणी जिन्यात भेटत नाही.

किती वेळ लागतो याचा खरा अंदाज तुम्हाला कोणी दिलेला नाही असं पत्रावरून वाटतं, तो देते. ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या. मालक एकच, सरकार. बांधणारं म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण. रहिवाशाला १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. इतकं सगळं अनुकूल असताना भूमिपूजन झालं एप्रिल २०१७ मध्ये आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर अडीचशेच्या आसपास इमारती. त्यासाठी २००९ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला, समाजाचं भक्कम पाठबळ होतं, तरी पहिले दोन टॉवर पुरे व्हायला २०२० उजाडलं. तुमच्याकडे तर मालक अनेक, त्यांचे वारस त्याहून अनेक. म्हणून कोणी 'तीन वर्षांत चावी' म्हणालं की ती तीन वर्षं कोणत्या दिवसापासून मोजायची ते विचारा. सहसा ती सगळ्या परवानग्या हातात आल्यावर आणि शेवटचं कुटुंब बाहेर पडल्यावर मोजायला सुरुवात होते. त्याच्या आधीचा काळ कोणाच्याच हिशेबात नसतो, आणि तुमची बारा वर्षं नेमकी त्याच काळात गेली आहेत.

तुमच्या बाबतीत वेळ कुठे गेला तेही पत्रातच आहे. एकट्या चाळीचा प्रस्ताव विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली होता. समूह म्हटल्यावर तो ३३(९) मध्ये गेला. तिथे शहर भागात किमान ४००० चौरस मीटर जमीन लागते, म्हणजे जवळजवळ एक एकर. गिरगावातले भूखंड चिंचोळे, एकेका वाडीत तीन-तीन मालक, कोणी परदेशात, कोणाचा भावाभावांत दावा. एक एकर जुळवायचं म्हणजे हे सगळे एका कागदावर आणायचे. त्यावर उच्चाधिकार समितीची मंजुरी, म्हाडाचं ना हरकत प्रमाणपत्र, पालिकेची परवानगी, अग्निशमन दल, बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर पर्यावरण मंजुरी, समुद्र जवळ म्हणून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. समूह पुनर्विकास वाईट नाही. रस्ता रुंद होतो, आगीचा बंब आत येऊ शकतो, मुलांना खेळायला जागा राहते. गिरगावसाठी माझ्या मते तोच बरा. पण समूह पुनर्विकास ठरवला त्या दिवशी आपण आणखी काही वर्षं पत्करतोय, हे तेव्हा कोणीतरी लोकांना सांगायला हवं होतं.

नोटिशीचंही समजून घ्या, कारण चाळीत त्यावरून बराच गोंधळ असणार. म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आलं. २०२० मध्ये विधिमंडळाने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची मान्यता २०२२ च्या अखेरीस मिळाली. त्यात इमारत धोकादायक ठरली की आधी मालकाला सहा महिने मिळतात, ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह प्रस्ताव आणायला. त्याने आणला नाही तर रहिवाशांच्या नियोजित (अजून नोंदणी व्हायच्या) गृहनिर्माण संस्थेला सहा महिने. तेही झालं नाही तर म्हाडा जमीन संपादन करून स्वतः बांधू शकतं. भाडेकरूला पहिल्यांदाच मालकाच्या पुढे पाऊल टाकायची वाट मिळाली, म्हणून लोक हरखले. पण २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा नऊशेहून अधिक नोटिशींना स्थगिती दिली आणि त्या कशा काढल्या गेल्या याच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. तुमची नोटीस त्यांत आहे का आणि तिची आजची अवस्था काय, हे वकिलाकडून लेखी घ्या. पेपरातल्या बातमीवर चाळीची मीटिंग चालवू नका.

आता 'फाइल वर आहे' याबद्दल. वर म्हणजे कुठे, हे शोधणं सचिव म्हणून तुमचं पहिलं काम, आणि त्याला फेऱ्या मारायची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. 'आमचा पुनर्विकास कधी होणार' असं विचारलंत तर अर्ज परत येईल, कारण या कायद्यात नोंद मागता येते, भविष्य विचारता येत नाही. असं लिहा: अमुक क्रमांकाचा प्रस्ताव अमुक तारखेला दाखल झाला; तो आज कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून आहे; नस्तीतल्या (फाइलमधल्या) टिप्पणीच्या सर्व पानांच्या प्रती द्याव्यात; अर्जदाराला त्रुटीपत्र दिलं असल्यास त्याची आणि आलेल्या उत्तराची प्रत द्यावी; नस्तीची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. तीस दिवस वाट पाहा, उत्तर आलं नाही तर लगेच पहिलं अपील. म्हाडाला एक अर्ज, पालिकेला दुसरा.

शेवटचे दोन मुद्दे मुद्दाम घातले आहेत. पुष्कळदा नस्ती उघडल्यावर दिसतं की कार्यालयाने त्रुटीपत्र कधीच पाठवलं होतं. मालकाचा एक वारस दाखला जोडलेला नव्हता, किंवा भाडेकरूंच्या यादीत चार नावं जुळत नव्हती, आणि आर्किटेक्टकडे ते पत्र पडून राहिलं. चाळ वर्षभर सरकारला शिव्या देत बसते आणि कागद खालीच अडकलेला असतो. उलटही होतं. सगळी पूर्तता झालेली असते आणि टेबल बदलून कोणी पुढची सहीच केलेली नसते. दोन्हीपैकी काय खरं आहे ते एकदा कळलं की राग कोणावर काढायचा ते ठरतं, आणि आमदार-नगरसेवकाकडे जाताना हातात तारखांचा कागद राहतो. २०२२ च्या मार्चपासून पुढे कैक महिने मुंबईत नगरसेवकच नव्हते, तेव्हा जायचं कोणाकडे हाही प्रश्न होता. लोकांनी लेखी आणि एकजुटीने विचारलं तर यंत्रणा हलते. २०१५ मध्ये शहराच्या नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या आणि इतका विरोध झाला की सरकारने तो अख्खा मसुदाच बाजूला ठेवून दुरुस्त करायला लावला.

यापेक्षाही निकडीचं एक काम तुमच्याच घरात आहे. खोली सासऱ्यांनी घेतलेली, हे तुम्ही लिहिलंत. भाडेपावती आज कोणाच्या नावावर आहे, हे लिहिलं नाहीत. ती अजून त्यांच्याच नावाने फाटत असेल, आणि गिरगावात निम्म्या खोल्यांची तीच गत असते, तर तुम्ही टॉवर, कॉर्पस (बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी) आणि पार्किंगचं बोलताय पण कागदावर त्या खोलीत एक मृत माणूस राहतो आहे. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू गेला त्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क जातो. म्हणजे सासूबाईंकडे, किंवा घरच्यांच्या संमतीने तुमच्या यजमानांकडे. मालकाला नाव बदलून द्यायला लेखी सांगा. मृत्यूचा दाखला, त्या काळातलं रेशनकार्ड, बेस्टची विजेची बिलं, मतदार यादीतली नावं, दीर-नणंदांचं ना हरकत, सगळ्याच्या प्रती जोडा. तो भाडं घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवून पैसे देऊ केल्याचा पुरावा ठेवा. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी पुनर्विकासात धरत नाहीत, त्यामुळे त्याआधीची एक तरी पावती हाताशी हवी. सासूबाईंच्या ट्रंकेत, देवघराच्या खणात, जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात शोधा. पिवळ्या पडलेल्या त्या चिटोऱ्यांवर शाईचा आकडा आणि मालकाची सही दिसते आहे तोवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

हे काम चाळीतल्या प्रत्येक घराचं आहे. दुरुस्ती मंडळ भाडेकरूंची यादी प्रमाणित करतं आणि पुढचं सगळं त्या यादीवर चालतं. समितीने एक वही करावी. खोली क्रमांक, पावतीवरचं नाव, आज राहणारं नाव, दोन्हींतलं नातं, मोजून घेतलेलं क्षेत्रफळ, काय कागद कमी आहे. ही वही तयार असलेली चाळ आणि नसलेली चाळ यांत कित्येक महिन्यांचा फरक पडतो, आणि हे महिने कोणाच्या परवानगीवर अवलंबून नाहीत.

आता सासूबाई. माझं मत सरळ आहे. त्यांच्या गुडघ्यांना त्या टॉवरची वाट बघायला लावू नका. वर दिलेली वर्षं पुन्हा वाचा आणि त्यांचं वय त्यात मिळवा. तुम्ही दोन गोष्टींची एकच गाठ बांधून ठेवली आहे, त्यांचं राहणं आणि खोलीवरचा हक्क. ती सोडवता येते. डोंबिवलीला किंवा कुठेही लिफ्ट आणि घरात संडास असलेली भाड्याची जागा परवडत असेल तर त्यांना न्या. फक्त गिरगावच्या खोलीला कुलूप लावू नका. योग्य कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर मालकाला त्या मुद्द्यावर ताबा मागता येतो. घरातलं कोणीतरी तिथे खरोखर राहत असलं पाहिजे, वीज जळलेली दिसली पाहिजे. सासूबाई औषधोपचारासाठी तिकडे आहेत याचे डॉक्टरांचे कागद ठेवा, त्यांचं रेशनकार्ड-मतदानाचं नाव हलवू नका. आणि 'रिकामी आहे तर चार पैसे येतील' म्हणून खोली कोणाला भाड्याने देऊ नका, पोटभाडेकरू ठेवला म्हणून अख्खी खोली हातची जाते.

न्यायचं जमत नसेल तर खोलीतच कमोडची खुर्ची आणा. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. सुरुवातीला त्यांना संकोच वाटेल, तुम्हालाही. पण रात्री अंधारात, ओल्या गॅलरीतून, टेकू चुकवत टोकापर्यंत जाण्यापेक्षा तो संकोच पत्करावा. गॅलरीत संडास बांधून घेण्याचा मोह मात्र धरू नका. लाकडी तुळयांवर विटा, लाद्या आणि पाण्याची टाकी चढवायची म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांच्या जिवाशी खेळ.

टेकू जुने झाले असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला तिथे थांबायचं आहे. २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, २०२० ला फोर्टात भानुशाली इमारतीचा. दोन्ही १६ जुलैला, ऐन पावसात. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, तीसहून अधिक माणसं गेली, आणि ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेतलीच होती. योजना मंजूर असणं म्हणजे इमारत सुरक्षित असणं नव्हे. टेकूंची आणि गॅलरीची पाहणी करा असं पत्र दुरुस्ती मंडळाच्या तुमच्या विभागातल्या कार्यकारी अभियंत्याला याच आठवड्यात द्या, पोच घ्या, फोटो जोडा. इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली आहे का आणि तिचा अहवाल काय म्हणतो, हे मागा. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत म्हणून दुरुस्ती नको, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पुनर्विकास येईपर्यंत माणसं त्याच गॅलरीतून चालणार आहेत.

आणि उद्या अतिधोकादायक म्हणून खाली करायची नोटीस आलीच, तर खाली करा. हक्क जाईल या भीतीने लोक पडायला आलेल्या घरात बसून राहतात. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाहेर पडण्याआधी तुमच्या खोलीचं क्षेत्रफळ आणि तुमचं नाव सरकारी कागदावर नोंदवून घ्या, ती नोंद हातात घ्या आणि निघा. संक्रमण शिबिराची, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांची, भीती मला समजते. तिथे गेलेली माणसं पिढी उलटली तरी परतलेली नाहीत, हेही खरं आहे. म्हणूनच ती नोंद आणि चाळीची वही आत्तापासून नीट असायला हवी.

बिल्डरच्या सांगण्यावरून खाली करणं मात्र वेगळं. तिथे घाई अजिबात नको. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ मध्ये झाला. घरं खाली झाली, भाडं बंद पडलं, बांधकाम अर्धवट राहिलं, पुढे प्रकल्प म्हाडाने ताब्यात घेतला आणि रखडलेलं काम २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्या कुटुंबांतली म्हातारी माणसं भाड्याच्या खोल्यांतच गेली. बांधकामाच्या मंजुरीची प्रत, प्रत्येक कुटुंबाच्या नावाने नोंदणी केलेला कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार, त्यात मजला आणि चटई क्षेत्रफळ (भिंतींच्या आतली वापरायची जागा), भाड्याची रक्कम आगाऊ किंवा बँक हमीसकट, हे सगळं हातात पडल्याशिवाय कोणी एक भांडंही हलवू नये.

पंधरा दिवसांकडे परत येते. ५१ टक्के संमती पुरते, म्हणजे निम्मी चाळ आणि वर एक-दोन घरं. हा आकडा बिल्डरला पाठ आहे, तुमच्या चाळीतल्या किती जणांना आहे ते बघा. संमतिपत्र म्हणजे करार नव्हे, असं तो सांगेल, आणि ते बरोबरही आहे. पण एकदा निम्म्याहून जास्त सह्या त्याच्या हातात गेल्या की बोलणी करायची तुमची ताकद गेली. त्याआधी त्याला लेखी विचारा: त्याने मुंबई शहरात कोणत्या उपकरप्राप्त इमारती पूर्ण करून मूळ भाडेकरूंना ताबा दिला आहे? पत्ते द्या. मग समितीतले चौघं तिथे जाऊन रहिवाशांशी बोला, बिल्डरचा माणूस सोबत न घेता. जमिनीच्या मालकांशी त्याचा करार झाला आहे का? झाला असेल तर नोंदणी क्रमांक. समूहातल्या बाकी चाळींच्या किती संमती आहेत? घराचं क्षेत्रफळ तो कशावर मोजतो? नियमाप्रमाणे लहानात लहान खोलीलाही ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं, त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने मिळणारं वाढीव क्षेत्र, धरून ४०५ होतात, आणि समूह पुनर्विकासात भूखंडाच्या आकाराप्रमाणे त्याहून वर काही टक्के. ४०५ चौरस फूट मी 'देतो' असं कोणी म्हणालं तर ते कायद्यानेच तुमचं आहे, हे लोकांना सांगा. खरी बोलणी त्याच्या वरची.

कोणीतरी मीटिंगमध्ये स्वयंपुनर्विकासाचंही, म्हणजे बिल्डरशिवाय रहिवाशांनीच बांधायचं, काढेल. ज्या सोसायट्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना तो मार्ग सोपा आहे. तुमची जमीन मालकाची, त्यामुळे आधी नियोजित संस्था नीट उभी करून ठेवा. ७९-अ चा मार्ग पुन्हा मोकळा झाला तर सहा महिन्यांत प्रस्ताव देणं तिच्याशिवाय जमणार नाही.

मुलाच्या लग्नाबद्दल मला वाईट वाटतं, आणि यावर कायद्यातलं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की त्याचं लग्न टॉवरशी बांधू नका. भाड्याने का होईना, तो वेगळं राहू शकतो हे मुलीकडच्यांना आधी सांगा आणि मग घर दाखवा. गिरगावची खोली ही त्याची पुढची मिळकत आहे, संसार आजच तिथे थाटायची सक्ती नाही. आणि वैतागाच्या भरात ती खोली विकायचं मनात आलं असेल तर थांबा. मालकाला हिस्सा देऊन हातात येणारी रक्कम डोंबिवलीच्या घरालाही पुरेल का, ते आधी मांडून बघा.

समिती सोडू नका, पण एकटीने ओढूही नका. माहिती अधिकाराचे अर्ज एकाने, वही दोघांनी, दुरुस्तीचा पाठपुरावा एका तरुणाने, असं वाटून द्या. जे सगळ्यात जास्त ओरडतात त्यांच्याकडे काम द्या. महिन्यातून एकदा जिन्याच्या फळ्यावर लिहा: या महिन्यात कोणता कागद गेला, कोणत्या तारखेला, उत्तर आलं की नाही. काही घडलं नसेल तर 'काही घडलं नाही' असंही लिहा. लोकांचा निम्मा राग काही कळत नाही म्हणून असतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तरं देत बसू नका, रात्री अकरानंतर तर मुळीच नाही.

येत्या मीटिंगचं इतिवृत्त सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि त्यात ठराव करा, की वरच्या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्यावर तीस दिवसांनी संमतीचा निर्णय होईल. बिल्डरला खरंच काम करायचं असेल तर तो तीस दिवस थांबेल. त्याने आणलेल्या संमतिपत्राची कोरी प्रत मला पाठवा, खासकरून मागच्या पानासकट. कोणत्या ओळी खोडायच्या आणि काय घालून घ्यायचं ते मी पुढच्या वेळी ओळीवार लिहीन.